परसातली फुलं वर्षभर टिकवायची तर: लावणीपासून साठवणीपर्यंत

आमच्या दारावरचं जांभळं तोरण दिवाळीत लावलं होतं. पोळा आला तरी ते जागचं हललं नव्हतं. शेजारच्या काकू रोज येता-जाता पाहायच्या. एक दिवस न राहवून त्यांनी हात लावून पाहिलाच. "काहून वो, पलास्टिकचं हाय का?" मी म्हटलं, "नाही काकू, सांदवाडीतलंच फूल आहे, वाळवलेलं." त्या दिवसापासून गावातल्या पाच-सहा जणी बी मागायला येऊन गेल्या. त्यातल्या दोघींची फुलं काळी पडली, एकीची बुरशीनं गेली. चूक त्यांची नव्हती. मी बी दिलं, पण तोडायचं कधी आणि टांगायचं कुठे हे नीट सांगितलंच नव्हतं. म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे ओठ फुटतात, टाचा फुटतात, दोरीवरचे कपडे दुपारच्या आत वाळतात. तीच कोरडी हवा या कामाला लागते. दमट भागात ज्यासाठी पंखे आणि यंत्रं लावावी लागतात, ते काम आपल्याकडे ओसरी फुकटात करते.

१. आधी फूल ओळखा, नावाला भुलू नका

सगळीच फुलं वाळून टिकत नाहीत. जी टिकतात, त्यांचा रंगीत भाग मुळातच कागदासारखा कोरडा असतो. ती बहुतेकदा पाकळी नसतेच. फुलांभोवतीची रंगीत पानं असतात, वनस्पतिशास्त्रात त्यांना छद म्हणतात. झाडावर असतानाच त्यांत पाणी फार कमी असतं, म्हणून वाळल्यावर ती फारशी आकसत नाहीत. नव्या माणसानं पुढच्या चारांपासून सुरुवात करावी.

बटणफूल: काही जण याला गुलमखमल म्हणतात, रोपवाटिकेत गोम्फ्रेना. बोराएवढे गोल गेंद. जांभळे, गुलाबी, पांढरे. आपल्या उन्हाला न घाबरणारं आणि चौघांत सर्वांत सोपं.

कोंबडा: तुऱ्यासारखं मखमली फूल. बऱ्याच घरी आधीपासून असतंच. शेतात तणासारखा उगवणारा कुरडू याचाच सख्खा भाऊ आहे. ज्याच्या कोवळ्या पाल्याची आपण भाजी करतो, तोच. सोयाबीनच्या धुऱ्यावर त्याचे गुलाबी-पांढरे तुरे येतात. तेही छान वाळतात, पुढे रुपेरी होतात आणि त्यांना पैसा लागत नाही.

हेलिक्रायसम: मूळचं ऑस्ट्रेलियाचं. पिवळं, नारिंगी, लाल, पांढरं. ताजं फूल हातात घेतलं तरी कागदासारखं वाजतं.

स्टॅटिस: मूळचं भूमध्य समुद्राच्या काठचं. याचा निळा-जांभळा भाग म्हणजे फुलाचा निदलपुंज, बाहेरचं आवरण. आतलं खरं फूल पांढरं आणि इवलंसं असतं, ते झडून जातं आणि निळा भाग राहतो.

नावांत दोन फसगती होतात. सदाफुली बारमाही फुलते, पण तोडली की तासाभरात मान टाकते, ती वाळवायच्या कामाची नाही. आणि रोपवाटिकेत 'कागदी फूल द्या' म्हणाल तर बोगनवेल मिळेल. मला तशीच मिळाली आणि माझा हिवाळा वाया गेला. बी घेताना 'हेलिक्रायसम' हेच नाव सांगा आणि पाकिटावरचा महिना-वर्ष वाचा. दोन-तीन वर्षांचं जुनं बी फारसं उगवत नाही.

२. लागणारं सामान

- बियांची पाकिटं, प्रत्येक जातीचं एक
- रोपांसाठी पसरट ट्रे किंवा जुनी घमेली, तळाला भोकं पाडलेली
- चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि थोडी रेती
- धारदार कात्री
- रबरबँड, भरपूर
- २२ गेजची बारीक तार, इलेक्ट्रिक किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते
- टांगायला दोरी किंवा तुऱ्हाटीच्या सरळ काड्या
- खोके आणि जुनी वर्तमानपत्रं
- एक वही

वहीला सामान म्हणायचं का, असं वाटेल. पेरणीची, पहिल्या फुलाची आणि तोडणीची तारीख लिहून ठेवलीत तर दुसऱ्या वर्षी कुणाला विचारावं लागणार नाही.

३. जागा आणि वाफा

दिवसातून सहा तास तरी ऊन हवं. आंब्याखाली किंवा भिंतीच्या उत्तरेला लावलेली रोपं उंच वाढतात, पण दांडे लेचेपेचे राहतात.

आपली काळी भारी माती कपाशीला उत्तम, पण या फुलांना जड पडते. ती पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात आणि रोप एका रात्रीत मान टाकतं. म्हणून सपाट जागी लावू नका. वीतभर उंच गादीवाफा करा आणि वरच्या थरात दोन घमेली मातीला एक घमेलं रेती किंवा बारीक मुरूम मिसळा. न्हाणीचं पाणी जिथे जिरतं ती जागा तर टाळाच. केळीला आणि अळूला ती चालते, याला नाही.

खत हात राखून द्या. युरिया तर देऊच नका. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार दिसतं, फुलं मात्र कमी आणि दांडे मऊ, आणि मऊ दांडा वाळताना वाकतो. लावणीआधी वाफ्यात कुजलेलं शेणखत मिसळलं की हंगामाचं भागतं.

४. पेरणीचे दोन हंगाम

इथे बरेच जण सगळं बी एकाच दिवशी पेरतात.

बटणफूल आणि कोंबडा ही पावसाळ्यातली फुलं. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की पेरा. बटणफुलाच्या बियांवर कापसासारखी लव असते, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून पेरा. उगवायला दहा-बारा दिवस लागतात, घाई करून माती उकरू नका. कोंबड्याचं काळं बी फार बारीक असतं, रेतीत मिसळून भुरभुरा, नाहीतर सगळं एकाच जागी पडतं. यांची फुलं सप्टेंबरपासून मिळू लागतात. बटणफूल थेट डिसेंबरपर्यंत चालतं.

हेलिक्रायसम आणि स्टॅटिस थंडीची आहेत. पाऊस ओसरला की, सप्टेंबरच्या अखेरीस ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ट्रेमध्ये पेरा. हेलिक्रायसमचं बी मातीत गाडायचं नाही. त्याला उगवायला उजेड लागतो. ओल्या मातीवर पसरा, तळहातानं हलकेच दाबा आणि पाणी फवारून द्या, झारीनं ओतू नका. ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या रोपांना भाजतं, म्हणून ट्रे ओसरीच्या कडेला ठेवा, जिथे सकाळचं ऊन येतं. चार-पाच आठवड्यांत रोपाला पाच-सहा पानं आली की संध्याकाळी वाफ्यात लावा, दोन रोपांत फूटभर अंतर ठेवून.

स्टॅटिसचं एक आधीच सांगते. त्याला फुलायला थंडी लागते. ज्या वर्षी आपल्याकडे थंडी लवकर आवरते, त्या वर्षी निम्मी रोपं जमिनीलगत पानांचा गोल पसारा करून बसतात आणि दांडा काढतच नाहीत. पहिल्या वर्षी दहा रोपांवर जाऊ नका.

५. वाढीच्या दिवसांत

फार काही करायचं नाही. रोप वीतभर झालं की बटणफूल आणि हेलिक्रायसम यांचा शेंडा खुडा, फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. स्टॅटिसचा आणि तुरेवाल्या कोंबड्याचा शेंडा खुडू नका. हिवाळ्यात चार-पाच दिवसांआड पाणी पुरतं. माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय देऊ नका आणि देताना बुडाशी द्या, फुलांवर नको. हेलिक्रायसम हातभर उंच झालं की पऱ्हाटीच्या काड्यांचा आधार द्या.

६. तोडणी

उगवण्यात चूक झाली तर पुन्हा पेरता येतं, पण तोडणीत चुकलं की ते फूल गेलं. माझ्या पहिल्या वर्षीची निम्मी फुलं इथेच गेली, कारण मी ती पूर्ण उमलायची वाट पाहिली. ताज्या फुलाच्या बाबतीत आपला डोळा तसाच तयार झालेला असतो ना.

हेलिक्रायसम तोडल्यावरही उमलत राहतं. बाहेरच्या दोन-तीन ओळी उघडल्या आहेत आणि मधला भाग अजून घट्ट मिटलेला आहे, त्याच वेळी तोडा. मधला पिवळा गोल दिसू लागला म्हणजे उशीर झाला. असं फूल वाळताना मागे उलटतं, मध्ये तपकिरी होतं आणि शेवटी त्यातून म्हातारीसारखा कापूस उडतो.

यात आणखी एक फसवणूक आहे, ती कळायला मला दोन हिवाळे लागले. या फुलाचे छद ओलाव्यानं मिटतात आणि कोरड्या हवेत उघडतात. त्यामुळे पहाटे दवात म्हातारं फूलसुद्धा कळीसारखं दिसतं. धुवारीच्या दिवशी तर वाफाभर कळ्याच कळ्या आहेत असं वाटतं. त्या भरवशावर सकाळी सहाला तोडलेली फुलं दुपारी टोपलीत उलटी झालेली मी पाहिली आहेत. दव पूर्ण उडू द्या. दहा-अकरा वाजता फूल खरं वय दाखवतं, तेव्हाच पारखून तोडा.

बटणफुलाचं उलट आहे. त्याला घाई नको. गेंद पूर्ण गोल आणि बोटाला टणक लागला पाहिजे. लवकर तोडलं तर दांडा मानेपाशी वाकतो. दांडा धरून हलकेच हलवा: फूल ताठ राहिलं तर तयार, डोललं तर आणखी आठवडा द्या. पण खालच्या बाजूनं तपकिरी व्हायच्या आत काढा, नाहीतर वाळल्यावर गेंद भुरभुरतो.

कोंबड्याचा तुरा पूर्ण भरल्यावर, पण खालच्या भागात काळं बी पिकायच्या आत तोडा. थोराड तुऱ्यांचा मोह टाळा. त्यांच्या घड्यांत ओल आणि किडे दोन्ही दडतात. मुठीत मावेल एवढा तुरा उत्तम वाळतो. तोडल्यावर उलटा धरून झटका. स्टॅटिसच्या दांड्यावरची बहुतेक फुलं उघडली की दांडा बुडातून कापा.

पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी तोडणी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. अंदाज अवकाळी पावसाचा किंवा गारांचा असेल तर मात्र नियम सोडा आणि जे अर्धंमुर्धं तयार असेल ते आदल्या दिवशीच काढून घ्या. फेब्रुवारी-मार्चची गार आपल्याला नवी नाही. २०१४ सालच्या त्या दोन महिन्यांत गारांनी हातचे गहू-हरभरे झोडपले, फुलांची काय कथा.

७. हेलिक्रायसमला ताजेपणीच तार

याचा दांडा वाळला की फुलाचं वजन पेलत नाही. म्हणून तोडल्या दिवशीच दांडा अर्धा बोट ठेवून कापा आणि तार खालून दांड्यातून फुलाच्या बुडात खुपसा. वरून टोक बाहेर काढू नका, मधल्या भागात अडली की थांबा. फूल वाळताना आकसतं आणि तारेला घट्ट धरतं. दुसऱ्या दिवशी करू म्हणाल तर बूड कडक होतं आणि तार घालताना फूल दुभंगतं. तारांवरची फुलं रिकाम्या बरणीत उभी ठेवली तरी वाळतात.

तोरणासाठी बटणफूल हवं असेल तर तेही ताजंच ओवा. वाळलेल्या गेंदात सुई घातली की ते फुटतात. वाळल्यावर फुलं थोडी आकसून दोऱ्यावर फटी पडतात, तेव्हा फुलं सरकवून गाठ पुन्हा मारायची. माझं तोरण असंच केलेलं आहे. महालक्ष्म्यांच्या मखराला अशा माळा फार शोभतात. देवाला वाहायला मात्र आमच्याकडे ताजंच फूल लागतं, ही फक्त सजावट.

८. टांगणी

पाला सगळा काढा. पानात पाणी असतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. बटणफुलाच्या आठ-दहा दांड्यांची जुडी बांधा, स्टॅटिसच्या पाच-सहा, कोंबडा एकेक. फुलं एका पातळीत नकोत, वरखाली ठेवा म्हणजे एकमेकांना दाबत नाहीत. बांधायला दोरा नको, रबरबँड. दांडे वाळून बारीक होतात, दोरा सैल पडतो आणि सकाळी जुडी जमिनीवर सापडते. रबर आपोआप आवळत जातं.

मग उलटी टांगा. उलटी का, तर दांडा सरळ वाळतो आणि मान वाकत नाही. भिंतीपासून वीतभर सुटी, म्हणजे चहूबाजूंनी वारा लागेल.

जागा अंधारी, कोरडी आणि हवेशीर हवी. या तिन्हींतला अंधार आपण सहज विसरतो. पापड-वड्या उन्हात वाळवायची सवय आहे ना! फुलं उन्हात वाळतात लवकर, पण चार दिवसांत रंग उडतो. कवेलूच्या घराचा माळा असेल तर त्यासारखी जागा नाही. नसेल तर धान्याच्या खोलीत खिडकीला जुनं लुगडं किंवा पोतं लावून अंधार करा, दार किलकिलं ठेवा. गोठा चालत नाही, जनावरांच्या श्वासाची आणि मुताची ओल असते. स्वयंपाकघर चालत नाही, चुलीचा धूर आणि फोडणीची वाफ फुलांवर बसते.

उन्हाळ्यात एक चूक हमखास होते. मार्च-एप्रिलमधली शेवटची फुलं लोक कुलर असलेल्या खोलीत टांगतात, गार आहे म्हणून. पण कुलर हवेत पाणीच सोडतो. माझा स्टॅटिसचा अख्खा झुबका त्या हवेत मऊ पडून काळा झाला. उन्हाळ्यात कुलर नसलेली खोलीच घ्या. टिनाच्या छपराखाली मात्र डिसेंबरात टांगा, एप्रिलमध्ये नको. त्या भट्टीत फुलं इतकी ठिसूळ होतात की हात लावला की चुरा.

हिवाळ्यात बटणफूल आणि स्टॅटिस दहा-बारा दिवसांत वाळतात. हेलिक्रायसमला दोन आठवडे द्या. कोंबड्याला तीन, कधी जास्त. त्याचा तुरा वरून कोरडा लागतो, आतून ओला असतो. त्याच्याखाली कागद पसरा, राहिलेलं बी गळून त्यावर पडतं.

वाळलं का हे कसं ओळखायचं? दांडा वाकवा, कट्कन मोडला पाहिजे. खात्री नसेल तर दोन-तीन फुलं काचेच्या बरणीत झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी काचेवर आतून वाफ दिसली तर अजून टांगून ठेवा.

९. झेंडू, गुलाब वाळवायचा असेल तर रेती

ही फुलं टांगली की सुरकुततात. त्यांना रेती लागते. नदीची बारीक रेती चाळा, पाणी नितळ निघेपर्यंत धुवा, कडक उन्हात वाळवा. डब्यात दोन बोटं रेती, त्यावर फूल सरळ उभं, मग कडेनं हळूहळू रेती सोडत पाकळ्यांच्या आत-बाहेर भरा. वरून एकदम ओतली तर फूल चपटं होतं. डबा उघडाच ठेवा. इथे ऊन चालतं, कारण पाकळ्या झाकलेल्या असतात. झेंडूला दोन आठवडे तरी लागतात. काढताना डबा तिरपा करून रेती ओघळू द्या, फूल ओढू नका. पिवळा-नारिंगी रंग चांगला राहतो, लाल गुलाब काळपट होतो, पांढरं फूल पिवळसर पडतं.

सोबतीला जवसाची बोंडं आणि गव्हाच्या लोंब्या वाळवून ठेवा, गुच्छ भरदार दिसतो. दोन गोष्टी मात्र घेऊ नका. गाजरगवताची पांढरी बारीक फुलं गुच्छात सुंदर दिसतात, पण त्यानं अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, काहींना दमा उसळतो. आणि खसखशीची बोंडं कितीही देखणी असली तरी ते अफूचं झाड आहे. परवान्याशिवाय लावणं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, परसात दोन झाडं असली तरी.

१०. साठवण: जूनच्या आधी

हिवाळ्यात वाळवलेली फुलं पावसाळ्यात गमावतात. मृगाच्या आधीच ती भरून ठेवा. खोक्यात कागदाचा थर, फुलांचा थर, पुन्हा कागद. कडुनिंबाचा वाळलेला पाला चार मुठी टाका. लोखंडी कपाट किंवा तेलाचा स्वच्छ डबाही चालतो, पण फूल पूर्ण वाळलेलं असलं तरच, नाहीतर आतली ओल आतच कुजवते. पॉलिथिनच्या पिशवीत नको. खोका जमिनीवर नको, पाटावर किंवा माळ्यावर ठेवा. उंदीर कोंबड्याच्या बियांसाठी येतात.

महिन्यातून एकदा उघडा. तळाशी तपकिरी पीठ दिसलं तर तांबूस बारीक भुंगेरा लागला आहे, मसाल्यात लागतो तसाच. ती जुडी लगेच बाहेर काढा, बाकीची कोरड्या दिवशी झटकून पुन्हा भरा.

दारावर किंवा फुलदाणीत ठेवलेलं हेलिक्रायसम पावसाळ्यात मिटलेलं दिसेल. घाबरू नका, ते मेलेलंच आहे, पण त्याचे छद अजूनही हवेतली ओल ओळखतात. कोरडा दिवस आला की पुन्हा उघडतात. आमच्याकडे लेकरं सकाळी उठून आधी फुलदाणीकडे पाहतात.

विकायचं मनात असेल तर पहिलं वर्ष घरातच काढा. एक पावसाळा निभावलेली फुलंच दुसऱ्याला द्या. पुढे बचत गटातून विकायची ठरली तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते. ती मोफत आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

११. पुढच्या वर्षाचं बी

प्रत्येक रंगाचं एक चांगलं झाड तोडणीतून वगळा, दांड्याला चिंधी बांधून ठेवा म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडणार नाही. हेलिक्रायसमचा कापूस सुटायला लागला की सकाळी, वारा सुटायच्या आत, फूल कागदी पिशवीत काढा. बटणफुलाचा गेंद तपकिरी होऊन हातानं सुटा झाला की बी तयार. शेजारी शेजारी लावलेले रंग मिसळतात, तेव्हा पुढच्या वर्षी पिवळ्याच्या ओळीत एखादं नारिंगी निघालं तर ते तसंच वाढू द्या, माझी सर्वांत सुंदर फुलं तशीच मिळाली आहेत. बी सावलीत आठवडाभर वाळवून कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर फूल, रंग आणि महिना लिहा, आणि पुडी वहीतच ठेवा.